आमच्या लग्नाचा ठराव

“कॉम्रेड्स! इतिहासाचं चाक आज पहाटेपासून पुन्हा आपल्या दिशेनं फिरू लागलं आहे, आणि आता जगातली कोणतीही ताकद ते थांबवू शकणार नाही!”

कॉम्रेड अंबऋषी सुरवसे यांनी मूठ वर करून अशी गर्जना केली आणि वीज गेली. डोक्यावरच्या पंख्यानं चार गिरक्या मारल्या, पाचवीच्या वेळी जरा विचार केला आणि तो थांबला.

हॉलमधल्या टाळ्याही हळूहळू थांबल्या. मी व्यासपीठावर दोन्ही हातांत झेंडूचा हार धरून उभा होतो. समोर हातभर अंतरावर अंबऋषींची मुलगी तसाच हार धरून उभी होती. तिच्या कपाळावरचा घाम नाकापर्यंत आला होता आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे ती तो फुंकरीनं उडवायचा प्रयत्न करत होती.

एकोणीसशे एक्क्याण्णव सालचा ऑगस्ट, एकोणीस तारीख. गाव बार्शी. स्थळ गिरणी कामगार युनियनचा हॉल. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. युनियन जोरात चालू होती. दिवस श्रावणी सोमवारचा. चातुर्मासात लग्न लावायचं हा अण्णांचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा, आग्रह होता. पक्षाचे बाकीचे आक्रमक कार्यक्रम एकेक करून मागे पडल्यावर हा एवढाच हातात उरला होता.

पक्षाचं नाव मी सांगत नाही. आमच्या दृष्टीनं पक्ष एकच होता. बाकीच्यांना नावं होती.

तर त्या पक्षात कुठलीही सभा जागतिक परिस्थितीपासून सुरू व्हायची. युनियनच्या संडासाचं दार तुटलं म्हणून बोलावलेली सभासुद्धा आधी व्हिएतनामला जायची, तिथून दिल्लीला, मग मुंबईला आणि सोलापूरमार्गे संडासापर्यंत पोचायची. तोवर निम्मे सभासद ते काम दुसरीकडे उरकून परत आलेले असायचे. लग्नाचीही तीच पद्धत. भटजी नाही, मंगलाष्टका नाहीत, अक्षता नाहीत. अध्यक्षांनी आधी जागतिक परिस्थिती मांडायची, मग राष्ट्रीय, मग ‘संघटनात्मक बाबी’ या सदराखाली विवाहाचा ठराव वाचायचा. हात वर झाले की हार घालायचे. अशी लग्नं लागलेल्या काही बायका पुढं जन्मभर नवऱ्याचा उल्लेख ‘आमची संघटनात्मक बाब’ असाच करत.

मला या पद्धतीची तक्रार नव्हती. मी गावातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आठवड्यातून एकदा पुढाऱ्यांची टिंगल करणारं सदर लिहीत होतो. असल्या सभांवर माझं पोट चालायचं. पण त्या दिवशी मला घाई होती, आणि त्याचं कारण पहिल्या रांगेत बसलं होतं.

ती माझी आई. वैरागहून सकाळच्या एसटीनं आली होती. सोमवारचा उपास, त्यात चातुर्मास. तिनं गावातल्या जोशीबुवांना गाठलं होतं. बुवांनी पंचांग उलटंपालटं केलं आणि म्हणाले, लग्नाचा मुहूर्त तर नाहीच, पण मध्यान्हीला अभिजित मुहूर्त असतो, त्यात उरकून घ्या, साडेबाराच्या पुढं जाऊ नका. आईनं हे अण्णांना सांगितलं नाही. मला सांगितलं. “साडेबाराच्या आत हार पडला तर माझी सून. न्हाईतर मी तुला घिऊन वैरागला चालले. फुडच्या लग्नसराईत बघू.” माझी आई असं एकदाच म्हणते. माझ्या थोरल्या भावाची पहिली सोयरीक तिनं अशीच मांडवातून उठवली होती. ती मुलगी फार चांगली होती.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते आणि अण्णा अजून मॉस्कोतच होते.

त्याला कारण होतं. सकाळी रेडिओवर बातमी आली होती की गोर्बाचेव्ह आजारी आहेत, एका आणीबाणी समितीनं सोव्हिएत संघाचा कारभार हातात घेतला आहे आणि मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले आहेत. अण्णा तेव्हा दाढी करत होते. उजवा गाल झाला होता. बातमी ऐकून त्यांनी वस्तरा ठेवला तो ठेवलाच, आणि डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच ठेवून ते मुलीच्या लग्नाला आले. गेली दोन वर्षं ते रोज सकाळी रेडिओ लावायचे आणि रोज कुठला तरी एक देश हातातून गेलेला असायचा. पोलंड गेला, हंगेरी गेला, पूर्व जर्मनी तर अख्खी गेली. त्या सकाळी पहिल्यांदाच काहीतरी परत आल्यासारखं वाटत होतं.

“गफूर, काय म्हणतंय मॉस्को?” त्यांनी विचारलं.

गफूर तांबोळी हे युनियनचे चिटणीस. पन्नाशीचा माणूस, कानाला ट्रान्झिस्टर. वीज गेली तरी त्यांचे सेल शाबूत होते.

“खरखर आहे, अण्णा. रणगाडे म्हनं पुलावर आलेत. लोक पन जमलेत.”

“स्वागताला जमले असतील.”

“तसं काय म्हटलं नाही बुवा त्यानं.”

मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. अख्ख्या हॉलला कळलं कोण खाकरलं ते, आणि अण्णांनाही कळलं. पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

मागं दाराजवळ भगवंतकाका बसले होते. अण्णांचे धाकटे भाऊ. आईबाप बार्शीचे भाविक. त्यांनी थोरल्याचं नाव ठेवलं अंबऋषी आणि धाकट्याचं भगवंत. आमच्या ग्रामदैवताच्या कथेत भक्त अंबऋषीसाठी भगवंत धावून येतो. इथं दोघेही नास्तिक निघाले आणि चौसष्ट साली पक्ष फुटला तेव्हा भगवंत उलट दिशेला धावला. अण्णा जुन्या पक्षात राहिले, काका नव्यात गेले. घर एकच होतं, त्यात मधोमध भिंत आली. तेव्हापासून भगवंत अंबऋषीशी बोलत नव्हता.

फुटीनंतर नात्यातलं जे निम्मं राहिलं होतं ते आणीबाणीनं संपवलं. आमच्या पक्षानं पंच्याहत्तर सालच्या आणीबाणीचं स्वागत केलं होतं. काका भूमिगत झाले, पकडले गेले. इन्स्पेक्टरनं अण्णांना बोलावून विचारलं, हा तुमचा भाऊ का? अण्णा म्हणाले, “पक्षाच्या दृष्टीनं नाही.” काका तिथं बेड्या घालून उभे होते. मग त्यांनी दीड वर्ष येरवड्यात काढलं, आणि तिथं हे वाक्य त्यांना पुरून उरलं.

काकांना लग्नाला बोलावलं होतं ते मुलीनं. त्यांच्याबरोबर त्यांच्या पक्षाची पंधरा-वीस माणसं आली होती आणि ती सगळी उजवीकडच्या सतरंजीवर बसली. आमची डावीकडं. मध्ये वाट. इतर लग्नांत वधूपक्ष आणि वरपक्ष असतात; आमच्याकडं नुसतेच पक्ष होते.

माझी होणारी बायको व्हॅलेंटिना. अंतराळात जाऊन आलेल्या पहिल्या बाईचं नाव. घरी तिला वेलू म्हणत. माझ्या आईला हे नाव पेलेना, म्हणून ती तिला वैजयंता म्हणायची. मला स्वतःला नावाबद्दल बोलायचा अधिकार नव्हता. माझं नाव श्रीमंत. पक्षात आलो तेव्हा माझ्याकडं या नावाबद्दल स्पष्टीकरण मागण्यात आलं होतं.

“किती वाजले?” वेलूनं ओठ न हलवता विचारलं.

“बारा दहा.”

“राष्ट्रीय परिस्थिती राहिलीय अजून.”

“ते वगळायला सांग की.”

“अण्णांना? तू सांग. तू जावई आहेस.”

“अजून नाही.”

पण अण्णांनी स्वतःच राष्ट्रीय परिस्थिती वगळली. त्यांच्या हयातीत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि डाव्या सतरंजीवरचे जुने सभासद एकमेकांकडं बघायला लागले. अण्णांनी चष्मा लावला, खिशातून कागद काढला.

“आता संघटनात्मक बाबी. ठराव वाचतो. ‘सोव्हिएत संघात समाजवादाच्या रक्षणासाठी आणीबाणी समितीने उचललेल्या धाडसी पावलाचे हार्दिक स्वागत करून, हा मेळावा कॉम्रेड व्हॅलेंटिना सुरवसे आणि कॉम्रेड श्रीमंत काशीद यांच्या विवाहास एकमताने मान्यता देत आहे.’ ठराव मतास टाकतो.”

एकच वाक्य होतं. मध्ये पूर्णविराम नव्हता, स्वल्पविराम होता.

डावीकडं अर्धे हात वर झाले, काही निम्म्यावर थबकले. उजवीकडून कुजबुज उठली. काका उभे राहिले. उंच, वाळकी काडी, अण्णांसारखंच नाक.

“गफूर.”

“जी.”

“अध्यक्षांना विचार, हा ठराव एक आहे का दोन?”

अध्यक्ष वीस पावलांवर होते आणि हॉलमध्ये कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तरी गफूरभाई व्यासपीठाकडं वळले. “अण्णा, ठराव एक का दोन, विचारतेत.”

“त्यांना सांग, एक.”

“एक आहे म्हनं.”

“मग विचार, पुतणीला शुभेच्छा द्यायच्या तर रणगाड्याला पण द्याव्या लागणार का?”

गफूरभाई वळले, पण अण्णांनी हातानंच थांबवलं. “ऐकलं मी. सांग त्यांना, समाजवाद राहिला तर पुतण्या-पुतणी राहतील.”

“आणि विचार, ह्या हॉलमध्ये एकदा आणीबाणीचं स्वागत झालं होतं, ते आठवतंय का. मी तेव्हा येरवड्यात होतो, म्हणून माझा हात वर करायचा राहिला. आता मुद्दाम बोलावून घेतलंय, राहिलेला हात पुरा करायला?”

“ती आणीबाणी वेगळी, ही वेगळी!”

“तेव्हा तिला पण पुरोगामी म्हणत होते! विचार त्यांना, गफूर!”

“मी काय काय विचारू?” गफूरभाई म्हणाले. “एकेक सांगा की.”

आता सगळ्यांनाच तोंड फुटलं. खरं म्हणजे काकांच्या पक्षानंही मॉस्कोबद्दल काही ठरवलं नव्हतं. दिल्लीहून अजून काही आलं नव्हतं. त्यामुळं उजव्या सतरंजीवरचे लोक नेमकं काय बोलावं हे न कळून नुसतेच जोरात बोलत होते. मी आमंत्रण दिलेला एक समाजवादी मित्र खिडकीतून ओरडला, “छप्पन्न साली बुडापेस्टला रणगाडे नेऊन काय केलंत? अडुसष्टला प्रागला काय केलंत?” बार्शीतल्या कुणीही बुडापेस्टला काही केलेलं नव्हतं. तरी आमच्याकडचे दोन-तीन म्हातारे कॉम्रेड मान खाली घालून बसले.

हाराचं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं होतं. पायात मुंग्या. मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होतो आणि घड्याळ पाहत होतो. आईनं पदरातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात अक्षता होत्या, मला माहीत होतं. तिनं पुरचुंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोठ्यानं विचारलं,

“आरं श्रीमंता, ह्यो मास्को कोन? मुलीचा मामा हाय का? त्यानं अडवून धरलंय का?”

“गाव आहे ते, आई. लांबचं.”

“मग त्यास्नी कशाला इचारायचं? इथली मान्सं कमी हायेत का भांडायला?”

वेलू हसली. मग तिनं हार एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं नाक पुसलं आणि बापाकडं वळली.

“अण्णा, माझी सूचना आहे. ठराव फोडा. जगाचा वेगळा, आमचा वेगळा. एकेक मतास टाका.”

नियमानुसार ही सूचना अगदी योग्य होती. डावीकडून, उजवीकडून माना डोलल्या. मलाही सुटल्यासारखं झालं.

“फोडायचा नाही,” अण्णा म्हणाले.

“का?”

“फोडायचा नाही म्हणजे नाही. ह्या हॉलमध्ये फोडाफोडी बास झाली.”

“अण्णा, पक्ष नाही फोडायचा, ठराव फोडायचाय.”

“शब्द तोच आहे!” त्यांचा आवाज एकदम चिरकला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग ते माझ्याकडं वळले. “नवऱ्या मुलानं भूमिका स्पष्ट करावी.”

मी सदरात चांगल्या चांगल्या मंत्र्यांना दोन ओळींत गुंडाळत असे. आता दोनशे डोळे माझ्याकडं लागले होते आणि घड्याळात बारा वीस झाले होते. एक हात वर केला की काम होणार होतं. मॉस्कोतल्या एकाही रणगाड्याला बार्शीतल्या माझ्या हातानं पेट्रोल मिळणार नव्हतं की ते तुटणारही नव्हतं. मला हे सगळं कळत होतं. वेलू माझ्याकडं बघत होती.

“माझा विवाहाला पाठिंबा आहे,” मी म्हणालो. “रणगाड्याला नाही.”

“तसा पर्याय नाही.”

“मग मी हात वर करत नाही, अण्णा.”

आई म्हणाली, “आता गं बया!”

“मी पण नाही,” वेलू म्हणाली.

अशा रीतीनं आमच्या लग्नाला पहिला आणि दुसरा विरोध आमच्या दोघांचा नोंदवला गेला.

अण्णा खाली बसले. बसले म्हणजे खुर्ची तिथं होती म्हणून, नाहीतर जमिनीवरच बसले असते. कागद मांडीवर. खालचा गोंधळ एवढा वाढला होता की व्यासपीठावर काय चाललंय याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गफूरभाई ट्रान्झिस्टर कानाला लावून एका सतरंजीवरून दुसऱ्या सतरंजीवर निरोप पोचवत होते. वेलूनं हार माझ्या खांद्यावर टाकला, गळ्यात नव्हे, नुसता ठेवायला, आणि ती बापाच्या खुर्चीशी खाली बसली. मी शेजारीच होतो, दोन-दोन हार घेऊन.

“अण्णा, असं का करताय?”

“तुला नाही कळायचं.”

“सांगा तर.”

अण्णांनी खुंटावरून हात फिरवला. मग हळू म्हणाले, “फोडला की दोन मतदानं होतात. पहिलं रशियाचं. ते मी जिंकणार, आपली माणसं जास्त आहेत. आणि भगू सभात्याग करणार. मला माहीत आहे तो. चौसष्टलाही असाच उठून गेला, मागं वळून बघितलं नाही. तुझ्या ठरावाला तो हॉलमध्ये नसणार.”

“मग आमचा आधी घ्यायचा.”

“आधी संघटनात्मक बाबी? जागतिक परिस्थितीच्या आधी?” त्या अवस्थेतसुद्धा त्यांना धक्का बसला. मग पुन्हा कागदाकडं बघून म्हणाले, “आज सकाळी रेडिओ ऐकला तेव्हा वाटलं, सगळंच जागेवर येतंय. म्हटलं, एकाच वाक्यात बसवावं. पुतणीच्या लग्नाच्या विरोधात तर तो जाणार नाही ना? मग मधलं जे काय असेल त्याला पण त्याचा हात येईल. एकदा तरी.”

वेलूनं त्यांच्या मांडीवरचा कागद सरळ केला. मग माझ्याकडं वर बघून म्हणाली, “श्रीमंत, तुला माहितीय माझं नाव कुणी ठेवलं ते?”

“अण्णांनी.”

“काकांनी सुचवलं. माझ्या बारशाला सगळे जमले होते ह्याच हॉलात. काकांनी नाव मांडलं, अण्णांनी अनुमोदन दिलं. एकमतानं मंजूर. पुढच्या काही महिन्यांत पक्ष फुटला.” तिनं बापाच्या मांडीवरचा कागद उचलला. “ह्या घरात त्यानंतर एकमतानं काही झालं नाही. मीच शेवटची.”

बारा पंचवीस. आई चपला शोधत होती.

मी दोन्ही हार टेबलावर ठेवले, वेलूच्या हातातून कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं पक्षासाठी गंभीरपणे काहीतरी लिहिलं. म्हणजे लिहिलं काय, ‘हार्दिक स्वागत करून’ खोडलं आणि वर ‘नोंद घेऊन’ असं लिहिलं.

“उपसूचना आहे, अण्णा. ठराव एकच राहतो. फोडत नाही.”

त्यांनी वाचलं. “नोंद? मी काय तलाठी आहे?”

“नोंद घ्यायला कुणाची हरकत नसते.”

“नुसती कोरडी नोंद? माणसं जीव मुठीत धरून उभी आहेत तिथं.” ते थांबले. “आशेनं नोंद घेऊन, असं कर.”

मी तसं केलं आणि गफूरभाईंना हाक मारली. गफूरभाई कागद घेऊन मागं गेले, काकांनी वाचला, परत आले.

“आशा चालनार नाही म्हनतेत. चिंता पायजे. चिंतेनं नोंद.”

“सांग, चिंता मला पण आहे,” अण्णा म्हणाले. “पण नुसती चिंता नाही.”

गफूरभाई गेले. आले. “दोन्ही घाला म्हनतेत. पन चिंता आधी.”

“आशा आधी!”

“अण्णा!” मी आणि वेलू एकदम ओरडलो.

“ओ पाव्हनं,” आई व्यासपीठाच्या कडेला येऊन उभी राहिली होती, एक चप्पल पायात, एक हातात. ती माझ्या सासऱ्यांशी पहिल्यांदाच बोलत होती. “चिंता न् आशा म्हंजी लग्नाचंच चाललंय न्हवं? मग चिंताच आधी आसती. माज्या लग्नात मला चारी दिवस चिंता व्हती, आशा लई मागनं आली. लिवा तसं आन् उरका.”

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. वैरागच्या माणसाचं म्हणणं आमच्या पक्षात आजवर कुणालाच पटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं ‘चिंतेने व’ असं आशेच्या आधी घातलं. मग उठले. खाली शांतता व्हायला थोडा वेळ लागला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी गाढवं हाकत गेलं. त्यांनी वाचलं:

“‘सोव्हिएत संघातील घडामोडींची चिंतेने व आशेने नोंद घेऊन, हा मेळावा कॉम्रेड व्हॅलेंटिना सुरवसे आणि कॉम्रेड श्रीमंत काशीद यांच्या विवाहास मान्यता देत आहे.’”

‘एकमताने’ हा शब्द त्यांनी गाळला होता. कागदावर होता, मी पाहिला होता. त्यांनी वाचला नाही.

“अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.”

डावी सतरंजी वर गेली. उजवीकडं एक, मग तीन, मग सगळी. समाजवादी मित्रानं खिडकीतून आत हात घातला. गफूरभाईंनी ट्रान्झिस्टर धरलेलाच हात वर केला, त्यामुळं मॉस्कोची खरखर सगळ्यांच्या डोक्यावरून ऐकू यायला लागली. वेलूनं हात वर केला, मी केला. माझ्या आईला कुठल्याच पक्षाचं सभासदत्व नव्हतं, तिनं पुरचुंडीसकट हात वर केला आणि त्यातले चार तांदूळ आधीच पडले.

काका अजून उभेच होते, हात पाठीमागं बांधून. दार त्यांच्या शेजारी होतं, उघडं होतं. ते दाराकडं बघत होते. मग त्यांनी पाठीमागचा हात सोडवला आणि वर केला.

आमच्याकडं मोजणीत घोळ नको म्हणून शिस्त होती की अध्यक्षांनी ‘हात खाली’ म्हणेपर्यंत कुणीही हात खाली घ्यायचा नाही. अण्णा बोट पुढं करून मोजायला लागले. पहिली रांग मोजली, दुसरी मोजली. मग बोट तसंच पुढं राहिलं आणि ओठ हलायचे थांबले. ते हॉलच्या टोकाला बघत होते. दोनेक मिनिटं गेली असतील. कुणी हललं नाही. म्हाताऱ्या कॉम्रेडांपैकी कुणी डाव्या हातानं उजव्याला टेकू दिला. घड्याळात काय वाजलंय हे बघायचं मला सुचलं नाही.

मागून काकांचा आवाज आला.

“दादा, हात खाली घ्यायला सांग की. खांदा धरलाय माझा.”